चाळिसावा पेला

ट्रे म्हटलं की तुम्हाला चहाचा ट्रे आठवेल, मित्रांनो. मी तसा नाही. हॉक्सबेक गावच्या मेथडिस्ट पंथाच्या छोट्या प्रार्थनाघरातला, चॅपलमधला, मी एक जुना ओकचा ट्रे आहे. माझ्या अंगाला चाळीस भोकं आहेत आणि प्रत्येकात अंगठ्याएवढा काचेचा पेला बसतो. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीला, त्यांत द्राक्षांचा साधा रस भरत. दारू नाही, कधीच नाही.

मला घडवलं ते इनॉक सुतारानं. दारूपायी त्यानं घर जवळजवळ बुडवलं होतं; ती सोडली त्या हिवाळ्यात त्यानं मला तासलं. त्याची मुलगी विनिफ्रेड तेव्हा नऊ वर्षांची. चॅपलमधल्या शपथेच्या कागदावर तिनं सही केली, 'जन्मात एक थेंबही घेणार नाही,' आणि बापाच्या शेजारी जाऊन बसली. तेव्हापासून दर खेपेला माझे पेले तिनंच धुतले.

गावाच्या वरच्या टोकाला अँग्लिकन पंथाचं चर्च. तिथं सगळे एकाच चांदीच्या प्याल्यातून खरी वाइन घेत. ते आम्हाला हसत, "तुमच्याकडे प्रभुभोजन देतात की खोकल्याचं औषध?" आमचे लोक म्हणत, "असू दे. तुम्ही तर सर्दीसुद्धा वाटून घेता."

मग टोमणे मारायलाही माणसं उरेनात. आधी सुगीचं जेवण एकत्र झालं, मग नाताळची गाणी. पुढे चॅपलचं छत गळू लागलं आणि आम्ही उरलो सहा जण. दोन्ही मंडळींनी एक व्हायचं ठरलं. चॅपलला कुलूप लागलं त्या दिवशी विनिफ्रेडनं वरच्या चर्चच्या पाळकबाईंकडे, हेलेनाबाईंकडे, एकच गोष्ट मागितली.

"माझा ट्रे येऊ द्या. आणि त्यात रस."

"अहो, तुमच्या ट्रेशिवाय आम्ही सुरुवातच करणार नाही," पाळकबाई म्हणाल्या. त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं; रसाचं मात्र पुढे सांगायचं राहून गेलं.

पहिल्या एकत्र रविवारची तयारी चर्चचा कारभारी रॉडरिक करत होता. माणूस प्रेमळ. माझा एकेक पेला उजेडात धरून त्यानं पुसला. फुलं मांडणाऱ्या बाईंना म्हणाला, "बाटली एकच काढलीय. दोन ठेवल्या की पुन्हा ते आणि आपण. आता सगळ्यांचं एकच."

आणि त्यानं माझे पेले भरले. रंग तोच होता. वास मात्र माझ्या लाकडाला परका होता. मी ओळखला, मित्रांनो, पण ट्रेला वाचा कुठली?

विनिफ्रेडनं विश्वासानं पेला उचलला आणि एका घोटात रिकामा केला. मग ती थांबली. ओठ घट्ट मिटून जागेवर जाऊन बसली.

उपासना संपल्यावर रॉडरिक हसत आला. "काय विनिफ्रेडबाई, एकाच बाटलीतलं सगळ्यांना. छान झालं ना?"

"तू हौसेनं केलंस, बाबा," ती म्हणाली. मग पुटपुटली, "चौऱ्याहत्तर वर्षं." रॉडरिकला वाटलं, ती वय सांगतेय.

पेले तिनं नेहमीसारखे धुतले. स्वतःचा मात्र कोटाच्या खिशात टाकला, पुन्हा कुणाच्या ओठांना लागू नये म्हणून.

पुढच्या रविवारी ती आली नाही. हेलेनाबाई आणि रॉडरिक तिच्या घरी गेले. परतल्यावर रॉडरिक मला हातात घेऊन बाकावर बसला. "माफ केलं म्हणाली," तो म्हणाला.

"हो," पाळकबाई म्हणाल्या. "आणि हेही म्हणाली, 'गिळलेलं परत काढता येतं का, बाई?'"

ती पुन्हा कधीच आली नाही. उरलेले पाचही हळूहळू यायचे थांबले. रस घेणारं कुणी राहिलं नाही, तसं मला काचेच्या कपाटात ठेवलं. खाली चिठ्ठी आहे: 'दोन मंडळींच्या ऐक्याची आठवण.' शाळेची मुलं येऊन ती मोठ्यानं वाचतात.

मित्रांनो, कुणाला आपल्यात घ्याल तेव्हा नुसती जागा देऊ नका. त्याचा पेला भरण्याआधी विचारा, तुला काय चालतं? एवढंच. माझ्या बाबतीत ते राहून गेलं आणि आता विचारायला कुणी नाही.

मागच्या वसंतात विनिफ्रेड गेली. रॉडरिक अजून दर शनिवारी माझी काच पुसतो आणि रिकाम्या भोकाकडे बघून म्हणतो, "एक फुटला वाटतं कुठेतरी."