काजलचा पहिला शब्द

“दे,” काजल म्हणाली, आणि म्हणाली ती तानाबाईला.

वंदना नुकतीच फोन आटोपून दारात पोचली होती. साडेपाच वर्षांची काजल जमिनीवर बसली होती. तिच्या शेजारी बसून, वंदनाच्या केंद्रात झाडलोट करणारी तानाबाई एकमेकांत मिसळलेले मणी रंग पाहून डब्यांत भरत होती. तिच्या बोटांत एक तांबडा मणी होता. काजलनं तळहात पुढे केला आणि पुन्हा म्हणाली, “दे.” तानाबाईनं मान वर न करता मणी दिला. जणू हे पोर रोजच बोलत होतं.

अकरा महिने, आठवड्यातून दोनदा. बुलढाण्यात स्वमग्न मुलांसोबत काम करणारी बाई म्हणून वंदनाचं नाव होतं. चिखली-मेहकरकडची माणसं पत्ता विचारत यायची. या एका शब्दासाठी तिनं काजलसमोर फुगे फुगवले, साबणाचे बुडबुडे उडवले, खाऊ हातात धरून वाट पाहिली, वह्याच्या वह्या भरल्या. आणि शब्द पडला तो सातवी नापास तानाबाईच्या पदरात. वंदनाला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, पण त्याच्या आधी पोटात जळलं, आणि चांगलंच जळलं.

कधीपासून बोलते ही, तिनं विचारलं.

“आजच बोलली मॅडम,” तानाबाई म्हणाली. “मी तं तिच्याकडं पाह्यलंबी नाई.”

हेच तर वंदना येणाऱ्या प्रत्येक आईबापाला सांगत असे. लेकराला डोळ्यांत बघ म्हणून भरीस घालू नका, मागे लागू नका, नुसते शेजारी असा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! स्वतः मात्र ती समोर ठाण मांडून काजलच्या ओठांवर टपून बसायची.

बाहेर बाकावर काजलची आई डिंपल बसली होती. जानेफळहून यायला तिला दोन एसट्या बदलाव्या लागत. काजल बोलली, असं वंदनानं तिला सांगितलं. कोणाला, ते डिंपलनं विचारलंसुद्धा नव्हतं. तरी वंदना म्हणाली, “मला ‘दे’ म्हणाली.” डिंपलनं पदर तोंडाला लावला आणि ती रडू लागली. वंदनानं तिच्या पाठीवर हात ठेवला. चोरीचा माल वाटताना आपला हात जरासुद्धा कापत नाही, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं तानाबाईला बजावलं, मुलं असताना खोलीत यायचं नाही, मणी माझे मी भरीन. तानाबाई बरं म्हणाली आणि अंगण झाडायला गेली. ती चिडली असती तर वंदनाला जरा हलकं वाटलं असतं.

शुक्रवारी डिंपल पेढे घेऊन आली. घरी काजल अजून काही बोलली नव्हती. एकदा आपल्या कानांनी ऐकायचंय, कोपऱ्यात बसू का, असं तिनं अवघडत विचारलं. नाही कसं म्हणणार? वंदनानं तेच तांबडे मणी काढले, तसाच एक बोटांत धरला. काजलनं तोंड फिरवलं. पाऊण तासानं ती टेबलाखाली शिरली आणि कानांवर हात घेऊन बसली.

“राहू द्या मॅडम,” डिंपल म्हणाली. “तुमी सांगता म्हणजे बोललीच असन. तुमच्या भरोशावर तिची आजी गावभर सांगून राह्यली.”

तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर परवडल्या असत्या. वंदनानं मणी खाली ठेवले.

“मला नाही म्हणाली ती,” ती म्हणाली. “तानाबाईला म्हणाली. मी तुमच्याशी खोटं बोलले.”

 डिंपलच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते वंदनानं लगेच ओळखलं. तीन दिवस ती स्वतः तेच जळणं आरशात बघत होती. फक्त डिंपलचं जास्त जुनं होतं. नऊ महिने पोटात वागवलेल्या पोरीनं पहिला शब्द परकीला दिला होता. मग ती परकी मॅडम असो की झाडणारी, आईला काय फरक पडणार? मंगळवारी बाकावर ती रडली त्यात सगळाच आनंद नव्हता, हे वंदनाच्या आत्ता ध्यानात आलं. एवढी शिकलेली बाई, पण तेव्हा तिला स्वतःपलीकडे काही दिसलं नव्हतं.

डिंपलनं तानाबाईला बोलवायला सांगितलं. तानाबाई आली ती दारातच थांबली, आत येऊ की नको अशी.

“मावशी,” डिंपल म्हणाली, “तुमी कशा बसल्या व्हत्या, मले दाखवा.”

दोघी जमिनीवर बसल्या आणि मणी निवडू लागल्या. टेबलाकडे कोणी पाहिलं नाही. पाहत होती ती एकटी वंदना. बऱ्याच वेळानं काजल रांगत बाहेर आली, वंदनाला बघून थबकली आणि पुन्हा मागे सरकली.

डिंपल मान वर न करता हळूच म्हणाली, “मॅडम, राग नोका मानू. तुमी जरा भायेर बसता का?”

वंदना स्वतःच्या खोलीतून बाहेर आली आणि तिनं दार लोटून घेतलं. बाकावर एक नवी बाई झोपलेलं लेकरू मांडीवर घेऊन बसली होती. तिनं सरकून जागा दिली. वंदना बसली, पण कान दाराकडेच होते. आत बराच वेळ काही हललं नाही. मग डिंपलचा भरून आलेला आवाज ऐकू आला, “घे माय, घे.”

वंदनाला उठून आत धावावंसं वाटलं. फार वाटलं. ती उठली नाही.

“तुमचं लेकरू आत हाय का?” शेजारच्या बाईनं विचारलं.

“माझं नाही,” वंदना म्हणाली. “तिची आई आहे आत.”