रविवारचा बोकड

दुपारी साडेचारच्या सुमारास वनखात्याची जीप पिंजरा घेऊन राजुरीच्या शिवारातल्या एका वस्तीवर आली. पाच वाजता ज्योत्स्नानं बोकड द्यायला नकार दिला.

नकार देताना ती गोठ्यातल्या खुंट्याशी वाकून दाव्याची गाठ तपासत होती. दीड वर्षाचा एलिशा तिच्या डाव्या कडेवर होता. सकाळपासून तिनं त्याला खाली टेकू दिलं नव्हतं.

"न्हाई म्हणजे न्हाई, भाऊ. ह्यो रविवारचा हाय."

वनरक्षक रामदासला वाटलं, बोकडाचा सौदा झालाय. तो म्हणाला, "खाटकाला शब्द दिला असंल तर मी बोलतो त्याच्याशी. एका रात्रीचा तर प्रश्न आहे."

"खाटकाला न्हाई. देवाला दिलाय."

"कंच्या देवाला?" पोलीस पाटील चिमाजी औटींनी विचारलं.

"आमच्या. जुन्नरच्या चर्चमधी रविवारी कापणीचा सण हाय. तिथं द्यायचाय."

चिमाजींनी रामदासकडे पाहिलं. रामदासनं पिंजऱ्याकडे. पिंजरा वस्तीच्या मागच्या बांधालगत, उसाच्या कडेला उतरवून झाला होता. त्याचे दोन कप्पे होते. पुढच्यात बिबट्या शिरला की दार पडतं, मागच्यात सावज बांधतात, मधे लोखंडी जाळी. मागचा कप्पा मोकळा होता.

शिवारात उसाची तोड सुरू होऊन पंधरवडा झाला होता आणि फड मोकळे होतील तसा बिबट्या घरांच्या जवळ सरकत होता. परवा पहाटे त्यानं ज्योत्स्नाच्याच गोठ्यातून करडू नेलं. काल रात्री तो पुन्हा येऊन गेला. त्याच्या पंजांचे ठसे गोठ्यापासून निघून उंबऱ्याला वळसा घालून गेले होते. पलीकडच्या गावात गेल्या महिन्यात ऊसतोड कामगाराची मुलगी बिबट्याच्या हल्ल्यात गेली होती, ते सगळ्यांना माहीत होतं. पिंजऱ्यात आधी दुसऱ्या वस्तीवर कोंबड्या बांधून पाहिल्या होत्या. बिबट्या फिरकला नव्हता.

"त्याला शेळीची चटक लागलीये, आन् ती पण इथलीच," रामदास म्हणाला. "उद्या मी बाजारातून दुसरी आणतो. पण तो येणार आज. आणि बोकडाला काय होत नाय हो, ताई. मधे जाळी असते. सकाळी जसाच्या तसा परत."

"काय व्हत न्हाई तर दुसऱ्या कुणाचा बांधा की."

जमलेल्या दहा-बारा माणसांत थोडी हालचाल झाली. साळुबाईची शेळी गाभण होती. चिमाजींनी शेरडं गेल्याच बाजारी विकली होती, असं ते म्हणाले. मागून एक जण म्हणाला की त्याची शेळी भित्री आहे, पिंजऱ्यात घातली तर दूध आटवेल.

"बघा," ज्योत्स्ना म्हणाली. "तुमच्या शेळीला भ्या वाटतं. माझ्या बोकडाला मातर काय व्हत न्हाई."

कोणीतरी हसलं. चिमाजी हसले नाहीत.

"पोरी, लिलाव करत्यात ना तुमी लोक त्या सणाला? घेनारा घरी नेऊन रस्साच करनार ना त्याचा?"

"त्यानं काय बी करावं. देणं माझं हाय, त्येवढं मी बघते."

"मग एक रात्र आधी उपयोगाला आला तर देवाच्या पोटात दुखंल का?"

"देवाचं काय दुखंल ते तुमाला नगं, पाटील. नवसाचा जीव दुसऱ्या कामाला लावत न्हाईत."

चिमाजी बाजूला गेले आणि त्यांनी दोन फोन केले. पहिला सोमनाथला. ज्योत्स्नाचा नवरा सोमनाथ पारगावला कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर घेऊन रांगेत उभा होता. त्यानं फोन बायकोला द्यायला सांगितलं. ज्योत्स्नानं तो कानाला लावला, ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमी व्हता ना तवा दवाखान्यात? तवा गप बसला. आता बी गप बसा." फोन चिमाजींच्या हातात परत आला.

दुसरा फोन जुन्नरला गेला, चर्चच्या पाळकांना.

पाळक येईपर्यंत तासभर होता. लोक पांगले नाहीत. रामदास पिंजऱ्याचं दार वर चढवून, खाली पाडून बघत राहिला. प्रत्येक पाडण्याला एलिशा दचकत होता आणि नंतर टाळी वाजवत होता.

ज्योत्स्ना पाणी घ्यायला घरात गेली तशी सासू फुलाबाई मागोमाग आत आली. सुनेशी तिचं दोन दिवस बोलणं बंद होतं. करडू गेलं त्या सकाळीच ती म्हणाली होती की बोकड विकून टाक आणि गोठ्याला जाळीचं दार कर. सुनेनं ऐकलं नव्हतं.

"ज्या पोरापायी नवस केला," फुलाबाई खालच्या आवाजात म्हणाली, "त्याच पोराच्या जिवावर उठली तू. उंबऱ्यापाशी पाय हायेत त्याचे. उंबऱ्यापाशी!"

"म्या बघितलेत, आत्याबाई."

"मग?"

ज्योत्स्नानं तांब्या भरला. पण पाणी प्यायली नाही.

"दवाखान्यात काचंच्या पेटीत व्हता त्यो. डाक्टरीण म्हनली, आज रात काढली तर बघू. म्या भिंतीला टेकून म्हनले, माझ्या शेळीला यंदा जे पयलं व्हईल ते तुला, पर ह्याला सोड. त्यानं सोडलं. आता दुसऱ्यांदा भ्या वाटलं म्हनून त्याचंच मागं घेऊ? मग तिसऱ्यांदा कंच्या तोंडानं मागू?"

"लई आली बोलायला," फुलाबाई म्हणाली. मग तिनं एलिशाला घ्यायला हात पुढं केले. ज्योत्स्नानं पोर दिलं नाही.

सव्वासहाला पाळक मोटरसायकलवरून आले. तिशीतले, पांढरा शर्ट, कपाळावर हेल्मेटचा वळ. जुन्नरच्या मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, त्यांना येऊन दोन वर्षं झाली होती. वस्तीवर ते पूर्वी एकदाच आले होते, एलिशाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी. चिमाजींनी त्यांना खुर्ची दिली. त्यांनी उभ्यानंच सगळं ऐकून घेतलं, उंबऱ्यापाशी जाऊन ठसे पाहिले आणि ज्योत्स्नाकडे वळले.

"ज्योत्स्नाताई, तुमची निष्ठा मला कळते. पण देवाला बोकडापेक्षा माणसाचा जीव मोठा. तो समजून घेईल."

"त्यानं मागंच समजून घेतलं, पाळकसाहेब. आता माझी पाळी हाय."

"हट्ट म्हणजे विश्वास नव्हे."

"आन् सोय म्हंजे?"

पाळकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते शांतपणे म्हणाले, "मी पाळक या नात्यानं सांगतो. या नवसातून तुम्ही मोकळ्या आहात. त्याची जबाबदारी माझी. आता झालं?"

"झालं, झालं," चिमाजी म्हणाले. रामदास गोठ्याकडे निघाला.

ज्योत्स्ना त्याच्या आडवी उभी राहिली. तिनं एलिशाला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"रविवारी दान कुणाच्या हातात द्यायचं असतं, पाळकसाहेब?"

"वेदीपाशी... माझ्याच हातात देतात. नंतर कमिटी लिलाव करते."

"तुमच्या हातात दिलं म्हंजे देवाला पावलं?"

"हो."

"मग आत्ताच घ्या."

"इथे?"

"देव काय निस्ता जुन्नरला ऱ्हातो?"

या वेळी बरेच जण हसले. पाळकही हसले असते, पण ज्योत्स्नानं दावं सोडायला घेतलं होतं. एका हातानं गाठ सुटेना. एलिशाला खाली ठेवावं लागलं असतं, म्हणून ती दातांनी ओढायला लागली. तेवढ्यात फुलाबाई बादली घेऊन आली.

"थांब," ती म्हणाली. "तसाच देती व्हय? शेणानं भरल्यात त्याचे पाय."

तिनं गुडघ्यावर बसून बोकडाचे चारी पाय धुतले. मागच्या मांडीवरचं वाळलेलं शेण नखानं खरवडलं. पदरानं त्याचं तोंड पुसलं. मग गाठ तिनंच सोडली आणि दोर सुनेच्या हातात दिला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

ज्योत्स्ना बोकड घेऊन अंगणाच्या मधोमध आली.

"माझ्या लेकाच्या जिवापायी बोललेला हा बोकड," ती मोठ्यानं म्हणाली. शब्द आधीपासून पाठ असावेत तसे. "बोलले व्हते तसा देते. प्रार्थना करा, पाळकसाहेब."

पाळकांनी दोर घेतला. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. त्यांनी डोळे मिटले आणि प्रार्थना केली. सुरुवातीला आवाज अडखळत होता, मग सवयीनं वाहता झाला. चिमाजींनी टोपी काढली. साळुबाईनं हात जोडले. शेवटी फुलाबाई 'आमेन' म्हणाली आणि सगळ्यांच्या मागून, थोडं उशिरानं, रामदासही.

"बरं झालं बाई, दोन्हीकडचं भागलं," चिमाजी टोपी घालत म्हणाले. "चला पाद्रीसाहेब, आना त्याला पिंजऱ्याकडं. दिवस चाललाय."

पाळक हलले नाहीत.

"पाद्रीसाहेब?"

"एक मिनिट," पाळक म्हणाले. "हा आता मंडळीचा आहे. कमिटीला एकदा विचारायला हवं."

"आवो, मगाशी तर मोकळं करून टाकलं तुमी. जबाबदारी घेतली."

"ते त्यांच्या नवसातून."

"आन् आता?"

"आता तो..." पाळकांनी बोकडाकडे पाहिलं. बोकड त्यांच्या बुटाची लेस चघळत होता. "आता तो दिलेला आहे."

रामदासनं कपाळाला हात लावला. चिमाजींनी ज्योत्स्नाकडे पाहिलं.

"माझ्याकडं काय बघता, पाटील?" ज्योत्स्ना म्हणाली. "माझं देऊन झालं. त्यांनी पिंजऱ्यात घातला तर मी अडवणार न्हाई. जुन्नरला नेला तरी न्हाई. पर मला पुन्यांदा इचारू नका."

पाळकांनी चिटणिसांना फोन लावला. तो उचलला गेला नाही. मग खजिनदारांना. ते म्हणाले, पाळक तुम्ही आहात, तुम्हीच ठरवा. मोबाइल खिशात ठेवून पाळक ओट्यावर बसले. दोर त्यांनी हाताला गुंडाळला होता. दिवस मावळला. लोक एकेक करून घरी गेले आणि आतून कड्या लावल्याचे आवाज आले. रामदास जीपमध्ये जाऊन बसला. जाताना तो पाळकांना म्हणाला, "मी हाय अर्धा तास. काय ते सांगा."

ज्योत्स्ना एलिशाला घेऊन घरात गेली. फुलाबाई आत येताच तिनं दार लावलं, अडसर घातला, खिडकीची फळी ओढली. मग दिवसात पहिल्यांदा तिनं पोराला जमिनीवर ठेवलं. तो भिंतीला धरून चालायला लागला. तिनं चूल पेटवली. काडी दोनदा विझली.

"त्यांला चहा तरी इचारू का?" फुलाबाईनं विचारलं.

"इचारा. पर बोकडाचं काय बोलू नका."

फुलाबाई दारापर्यंत गेली आणि अडसरावर हात ठेवून थांबली. उसाच्या बाजूची कुत्री, जी संध्याकाळपासून भुंकत होती, ती एकदम गप झाली होती.

ओट्यावर हालचाल झाली. बुटांचा आवाज आला, त्यामागं खुरांचा. अंगण ओलांडून दोन्ही आवाज बांधापर्यंत गेले. बांधावरून डावीकडे पिंजरा होता, उजवीकडे जुन्नरला जाणारी डांबरी सडक. पुढं माती भुसभुशीत होती, तिथून आवाज येईना.

फुलाबाईनं खिडकीची फळी बोटभर सरकवली.

"बघू का?"

"तुमाला बघायचं तर बघा," ज्योत्स्ना म्हणाली, आणि पीठ मळायला बसली.

जीप अजून सुरू झालेली नव्हती.