उसनं चाक

टोस्टर खटकन वाजला आणि कोरीन दचकली. सकाळचे साडेसहा वाजले होते, खिडकीबाहेरचं वाळवंट अजून राखेच्या रंगाचं होतं, आणि टेबलापाशी तिची सात वर्षांची लेक, डेला, सगळा साज चढवून बसली होती. गुडघ्यापर्यंतचे बूट, छातीवरचं प्लास्टिकचं चिलखत, कोपरांच्या वाट्या. हातमोजेसुद्धा. त्या हातमोज्यांनीच तिनं गरम वॅफल उचललं.

"हातमोजे काढून खा गं, राणी. पाक लागेल."

"काढले की परत घालायला वेळ जातो. आजोबा म्हणतात, उशिरा येणाऱ्यानं धूळ खायची."

आजोबांचं वाक्य तिनं आजोबांच्याच घोगऱ्या आवाजात म्हणून दाखवलं. वरचा एक दात हलत होता, तो ती जिभेनं पुढेमागे ढकलत होती. कोरीननं तिच्या केसांच्या दोन घट्ट वेण्या घातल्या, हेल्मेटखाली मावतील अशा, मानेलगत. मानेवरची ती बारीक लव, आंघोळीनंतर अजून लहान बाळासारखा वास येणारी. तिथं तिनं ओठ टेकले तर डेला म्हणाली, "आई, आज नको ना. आज मी रायडर आहे."

आज डेलाची पहिली शर्यत होती.

ब्रँटच्या, म्हणजे कोरीनच्या नवऱ्याच्या घरात, मुलाचा पहिला दात, पहिली शाळा हे सगळं बाजूला. मोजायची ती पहिली शर्यत. दर ऑक्टोबरात नेवाडाच्या त्या कोरड्या नदीच्या पात्रात सगळं खानदान ट्रेलर घेऊन जमायचं. ब्रँट गुरुवारीच गेला होता. कोरीनला शुक्रवारी शाळेत काम होतं, ती लहान मुलांना वाचायला शिकवते. जाताना ब्रँट म्हणाला होता, "डेलाची बाइक तू बांधून आण."

"ट्रेलरमध्ये एवढी जागा आहे. तूच ने की."

"जागेचा प्रश्न नाही. लग्न करून आलेल्या बाईनं पोराची पहिली बाइक स्वतः बांधून आणायची, ही आमची रीत आहे. आईनं माझी आणली होती. शॉनानं जोलीनची आणली. तुझ्या वेळीच काय बिघडतंय?"

शॉना म्हणजे मोठी जाऊ. आणि जोलीन तिची मुलगी. बिघडायला काही नव्हतं. फक्त मागच्या ऑक्टोबरात त्याच पात्रात जोलीन वळणावर पडली होती आणि मागून येणारी बाइक तिच्या हनुवटीवरून गेली होती. नऊ वर्षांच्या मुलीचा जबडा सहा आठवडे तारेनं बांधून ठेवला होता. कोरीननं तिला मिक्सरमध्ये फिरवलेला बटाटा नळीनं पाजला होता, तिच्या डोळ्यांतून पाणी येत असताना. जबडा जुळला, आणि घरानं तिला नाव ठेवलं, 'नळी'. 'ए नळी, इकडं ये.' 'नळी, टर्की चावायला येते का गं आता?' सगळे हसायचे. आता ती स्वतःही हसायची.

कोरीनला डेलानं शर्यतीत उतरायला नको होतं. हे तिनं एकदाच, मार्चमध्ये, बोलून बघितलं होतं. सासऱ्यानं, लाइलनं, चहाच्या कपातून मान वर न करता विचारलं होतं, "मग काय करायचं पोरीनं? तुझ्यासारखं गोष्टींच्या पुस्तकात तोंड खुपसून बसायचं?" आणि डेला, त्याच टेबलाखाली बसून हेल्मेटवर स्टिकर चिकटवणारी डेला, ओरडली होती, "मी करणार! मी करणार शर्यत!" त्यानंतर सात महिने ती रोज संध्याकाळी घरामागच्या मोकळ्या रानात गोल गोल फिरत होती. झोपेत तिचा उजवा हात ॲक्सिलरेटर पिळायचा.

दोघी गॅरेजमध्ये गेल्या. गाडीच्या मागच्या हिचमध्ये, म्हणजे ट्रेलर जोडायच्या खोबणीत, खोचलेला लोखंडी कॅरियर कोरीननं आदल्या दिवशीच बसवून ठेवला होता. बाइकची दोन चाकं मावतील एवढी आडवी पन्हळ, बाजूला लावायची उतरती फळी. बाइक होती चाळीसेक किलोची, पण चाळीस किलो घसरायला लागले की शंभर होतात. कोरीननं ती फळीवरून चढवली. डेलानं मागून ढकललं, किंवा ढकलल्यासारखं केलं. मग चार कोपऱ्यांना चार पट्टे, हँडलपासून खाली ओढलेले. खटक्याचा दांडा पंपासारखा वरखाली करायचा, पुढचे शॉक-अब्सॉर्बर अर्धे दबेपर्यंत. जास्त दाबले तर त्यांचं तेल गळतं, कमी दाबले तर बाइक नाचते. कोरीन रविवारी-रविवारी एकटीच हे शिकली होती. तिच्या तळहातांना घट्टे पडले होते.

"आता थाप मार," डेला म्हणाली. "थाप मारल्याशिवाय निघायचं नसतं."

हीसुद्धा रीतच. कोरीननं सीटवर थाप मारली. डेलानं चवड्यांवर उभं राहून मारली आणि दोघी एकदम म्हणाल्या, "आता ही कुठ्ठं जात नाही!"

एक काम राहिलं होतं. कोरीनच्या जुन्या गाडीचं धुराडं सरळ मागं जातं, आणि कॅरियर लावला की त्याचं तोंड नेमकं बाइकच्या मागच्या चाकावर येतं. म्हणून ब्रँटनं लोखंडी नळीचा एक बाक, म्हणजे वाकवलेला तुकडा, बनवून घेतला होता. धुराड्याला एका बोल्टनं कसायचा, म्हणजे गरम धूर खाली जमिनीकडे जातो. तो बाक भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला असायचा.

कोरीननं तो काढला. हातात धरला. थंड होता, जड होता. मग डेलानं हाक मारली, "आई, माझे गॉगल!" कोरीननं बाक शेजारच्या फ्रीझरवर ठेवला आणि गॉगल आणायला आत गेली.

बाहेर आली तेव्हा बाक फ्रीझरवर होता. तिनं तो पाहिला. पुढं कितीतरी दिवस ती स्वतःला सांगत राहिली की पाहिला नाही, पण पाहिला. मग तिनं गॅरेजचा दरवाजा खाली ओढला.

सत्तर मैलांचा रस्ता. पहिले वीस मैल डेला अखंड बोलत होती. पहिल्या वळणाला आत कसं शिरायचं, झेंडा हलल्यावर श्वास सोडायचा की धरायचा, पडलं तर बाइकच्या कुठल्या अंगाला लोळायचं. घाट सुरू झाला तशी गाडी धापा टाकायला लागली. पुढं एक मालाचा ट्रक रांगत होता.

"आई, काहीतरी जळतंय."

"ट्रकचे ब्रेक असतील."

"चढावर ब्रेक लावतात?"

"खिडकी लाव बाळा. धूळ येते."

डेलानं खिडकी लावली.

तळावर पोहोचल्या तेव्हा सव्वानऊ झाले होते. ट्रेलर गोलाकार लावलेले, मधल्या तव्यावर बेकन तडतडत होतं, आणि लाइल आपला मोडका पाय स्टुलावर ठेवून घडीच्या खुर्चीत बसला होता. डेला गाडी थांबायच्या आतच दार उघडून उतरली आणि मागं पळाली.

तिच्यामागोमाग कोरीन गेली.

मागच्या चाकाचा टायर एका बाजूनं वितळून खाली लोंबला होता. दोन बोटं जातील एवढं भोक पडलं होतं. मागचा मडगार्ड कुत्र्याच्या जिभेसारखा वाकला होता. डेलानं स्वतःच्या हातानं चिकटवलेला सातचा आकडा पघळून नुसता काळा ओघळ राहिला होता.

लाइल काठी टेकत आला. पाहिलं. एवढा मोठा श्वास घेतला आणि ओरडला, "अरे या रे सगळे! मास्तरीणबाईंनी बाइक भाजून आणलीय!"

सगळे आले. दीर, जावा, शेजारच्या तळांवरची माणसं, हातात कॉफीचे मग घेऊन.

"मधून कच्ची राहिली का बघा," शॉना म्हणाली.

"कांदा लावा वर. कांद्याशिवाय मजा नाही."

"बाक कुठाय?" ब्रँटनं विचारलं. तो एकटाच हसत नव्हता.

"विसरले," कोरीन म्हणाली.

"विसरलीस? मी खिळ्याला टांगून ठेवला होता. समोर. तुझ्या नाकासमोर!"

"पुस्तकात लिहिलेला नव्हता ना बाक," लाइल म्हणाला. "लिहिला असता तर वाचला असता बिचारीनं." आणि त्यानं सीटवर जोरात थाप मारली. "आता ही कुठ्ठं जात नाही!"

तळ हसून लोळला. कुणीतरी मोबाइलवर फोटो काढले. कुणीतरी म्हणालं, डेलालाही उभं करा शेजारी. डेलानं या चेहऱ्यावरून त्या चेहऱ्याकडे पाहिलं. सगळेच हसत होते, बाबांचे भाऊ, काकू, जोलीन. तेव्हा तीही हसली. हलता दात दाखवून, मोठ्यानं, सगळ्यांपेक्षा थोडं उशिरा. फोटो काढून झाल्यावर तिनं हेल्मेट घातलं आणि गॉगल खाली ओढले. काचेआड काय चाललंय ते दिसेना.

इतक्यात शेजारच्या तळावरून एक बाई आली. मॅरिबेल तिचं नाव, केस रुमालात बांधलेले. तिच्या हातात एक छोटं चाक होतं, टायरसकट.

"आमच्या धाकटीची अशीच बाइक होती," ती म्हणाली. "दहा मिनिटांत बसेल. मुलांची शर्यत दहाला आहे. घ्या."

हेल्मेट गर्रकन तिच्याकडे वळलं.

"ठेवा तुमचं चाक," लाइल म्हणाला. "आमच्यात उसनं चाक लागत नाही."

"अहो, लहान पोर आहे."

"म्हणूनच. जो बांधतो तो भरतो. आज कळलं तर जन्मभर कळेल."

"तिनं कुठं बांधलीय? सात वर्षांची आहे ती!"

ब्रँट गुडघ्यावर बसून टायरमधलं भोक बोटानं चाचपत होता. तो उठला. बापाकडे पाहिलं, मग बायकोकडे. "जो बांधतो तो भरतो, बरोबर. म्हणजे शब्दही तिचाच," तो म्हणाला. "कोरीन, तू सांग. तू लाव म्हणालीस तर मी लावतो."

लाइलच्या भुवया वर गेल्या. पण रीत त्याचीच होती, मोडता येईना. "हां. विचार तिला," तो म्हणाला. "बघू काय म्हणतात बाई."

तव्यावर बेकन करपत होतं. पलीकडं पात्रात मुलांच्या बाइका ओळीनं लागायला लागल्या होत्या; तिसेक असतील, एकाला एक खेटून, आणि सगळ्यांची तोंडं त्याच एका वळणाकडे. समोर जोलीन उभी होती. तिच्या हनुवटीखालचा पांढरा वण उन्हात चमकत होता. आणि कोरीनच्या कमरेइतक्या उंचीवर ते हेल्मेट, वर तोंड करून, हलत नव्हतं.

एक शब्द. तोही दोन अक्षरांचा. सात महिन्यांच्या संध्याकाळी त्या शब्दाच्या पलीकडे उभ्या होत्या.

"लाइल म्हणतात तेच बरोबर आहे," कोरीन म्हणाली. "उसनं चाक नको."

मॅरिबेलनं तिच्याकडे असं पाहिलं की कोरीनला स्वतःचे हात कुठं ठेवावेत कळेना. मग ती चाक काखोटीला मारून निघून गेली. ब्रँटनं जमिनीवरचा पाना उचलला आणि तोही ट्रेलरमागं गेला.

लाइल मात्र उभाच होता. दहा वर्षांत पहिल्यांदाच त्यानं सुनेकडे नीट पाहिलं. त्याच्या डोळ्यांत कौतुक होतं, खरंखुरं. त्यानं आपला जाडजूड पंजा तिच्या खांद्यावर ठेवला.

"मला वाटलं होतं तू रडशील, पाया पडशील," तो म्हणाला. "पोटच्या पोरीला नाही म्हणायला छाती लागते. आता झालीस खरी आमच्यातली." आणि मागं वळून ओरडला, "शॉना! हिला कॉफी दे. माझ्या मगात दे."

कॉफी आली. शॉनानं साखर विचारली. धाकट्या दिरानं आपली खुर्ची पुढं केली. कोरीननं तो मग हातात घेतला, कारण न घेणं शक्य नव्हतं, आणि एक घोट प्याली. कॉफी चांगली होती.

बरोबर दहाला झेंडा हलला. तीस बाइका एकदम किंचाळल्या आणि सगळं पात्र धुळीनं भरलं. लोक दोरीपाशी धावले, नावं घेऊन ओरडायला लागले. वळणावरून मुलं एकेक करत सुखरूप बाहेर येत होती. कोरीन मोजत होती. अठ्ठावीस, एकोणतीस. तिसावा जरा मागं होता, पण आला. कुणीही पडलं नाही.

डेला दोरीपाशी गेली नव्हती. ती गाडीच्या मागं, कॅरियरच्या लोखंडी पन्हळीच्या टोकावर बसली होती, बूट अधांतरी. कोरीन कॉफीचा मग तिथंच मातीत ठेवून तिच्यापाशी गेली आणि गुडघ्यांवर बसली. तिनं हेल्मेटचा पट्टा सोडवला, हळूच, वेणी अडकू नये म्हणून. आत चेहरा कोरडा होता. गालांवर गॉगलचे लाल वळ उठले होते आणि कपाळाला केस चिकटले होते. कोरीननं ते फुंकर मारून मोकळे केले.

"भूक लागली का गं, राणी?"

डेलानं नाही म्हणून मान हलवली. ती आईच्या तोंडाकडे बघत होती, रागानं नाही. वाचायला शिकणारं मूल नव्या शब्दाकडे बघतं तशी, अक्षर अक्षर लावत.

"दहा मिनिटांत बसलं असतं, आई," ती म्हणाली. "बाबा लावणार होते. फक्त तुलाच विचारलं होतं. मग तू नको का म्हणालीस?"