कफाचा कागद

७. दही, केळी, भात, गोड बंद.

हिमानीनं फ्रिजवरच्या कागदाच्या चौथ्या कोपऱ्यावर चुंबक दाबलं आणि ऑफिसची बॅग उचलली.

"आई, वैद्य म्हणाले, तुमचा कफ फार वाढला आहे. आता सगळं यातलंच खायचं."

"अन् हे करन कोण? लायटर तर तू वर ठेवते."

"मी संध्याकाळी येऊन करीन ना. तुम्ही फक्त आराम करा."

दिवाळीत कुकर गॅसवर ठेवून प्रेमलताबाईंना डुलकी लागली होती. कुकर काळा पडला, धूर झाला, बेसा भागातल्या त्या बिल्डिंगचे चारही शेजारी दारात जमले. तेव्हापासून सून रोज लायटर सर्वांत वरच्या कप्प्यात टाकून जायची. चाळीस वर्षं घराला रांधून वाढणारी बाई दुपारी मायक्रोवेव्हमधलं खाऊन आडवी होऊ लागली.

दार लागलं. प्रेमलताबाईंनी चष्मा चढवला.

२. दिवसा झोपू नये.

४. अंगमेहनत करावी.

५. ज्वारीची भाकरी, कुळीथ, आलं, लसूण. तिखट चालेल.

पाचवी ओळ त्यांनी बोट ठेवून पुन्हा वाचली. मग वरपासून खालपर्यंत शोधलं. आराम हा शब्द कागदावर कुठेच नव्हता.

१. सकाळी भरभर चालावे.

त्या चालल्या. भैयाजींच्या किराणा दुकानापर्यंत.

"माचिस दे गा, भैयाजी."

"पूजेले का, काकू? मंग अगरबत्तीबी न्या."

"पूजेले नाही. औषधाले."

५. (पुन्हा)

संध्याकाळी तव्यावर मिरच्या तडतडल्या, लसूण पडला. पहिली भाकरी फाटली. दुसरी टम्म फुगली तेव्हा प्रेमलताबाई एकट्याच "हं" म्हणाल्या.

हिमानी खोकतच आत आली.

"आई! गॅस कसा पेटला?"

"माचिसनं."

"माचिस कुठून आली?"

"एक नंबर वाच. चालाले सांगतलं ना वैद्यानं."

हिमानीनं हात पुढे केला. "द्या इकडे."

प्रेमलताबाईंनी त्या हातावर ताट ठेवलं.

"जेव वं आधी. गार होऊन राहिली."

हिमानी उभ्यानंच जेवली. ठेच्यानं तिचं नाक वाहू लागलं, डोळे भरले. दुसरी भाकरी तिनं मागितली नाही, स्वतःच घेतली. मग ताट घासलं, ओटा पुसला आणि खोलीत गेली.

९. नियम रोज पाळावेत.

सकाळी ओट्यावर माचिस नव्हती.

प्रेमलताबाईंनी डबे हलवून पाहिले नाहीत, कुणाला विचारलंही नाही. दारापाशी बसून बुटांच्या नाड्या बांधल्या, वर आणखी एक गाठ मारली.

भैयाजींचं दुकान सातला उघडतं.