खडूच्या चार खुणा

त्या घरात एक खुर्ची होती आणि तिला हात लावायची कुणाची बिशाद नव्हती. तिच्या चार पायांभोवती फरशीवर खडूनं चार खुणा काढलेल्या होत्या. रविवारी फरशी पुसायचं काम नवऱ्याचं. त्यानं त्या खुणांना वळसा घालून पुसायचं, आणि चुकून एखादी पुसली गेलीच, तर बाईंच्या तोंडाचा पट्टा संध्याकाळपर्यंत थांबायचा नाही.

एवढं काय होतं त्या खुर्चीत? काही नाही हो, कुशन दबलेलं, एक हात डुगडुगणारा. पण तिच्यासमोर सारख्या अंतरावर टेपनं मोजून ठेवलेले दोन स्पीकर होते, आणि मधे तबकडीचा स्टिरिओ. कामावरून आल्यावर बाई हातपाय धुवायच्या, दार लोटायच्या, तबकडी लावायच्या आणि डोळे मिटून बसायच्या. मग काय सांगावं! स्पीकर कुठल्या कुठे जायचे, भिंतही जायची. डावीकडे खिडकीपाशी व्हायोलिनवाला उभा असायचा, उजवीकडे कपाटाच्या जागी पियानो. व्हायोलिनवाला सुरू करण्याआधी नाकानं हलकेच श्वास घ्यायचा, तोसुद्धा बाईंना ऐकू यायचा. पियानोवाल्याच्या स्टुलाचा एक पाय किरकिरायचा. बाईंना त्या दोन माणसांची नावं पाठ होतीच, पण खरी ओळख त्या श्वासाची आणि त्या किरकिरीची होती. बावीस मिनिटांची एक बाजू संपली की दिवसभराचा कारखाना अंगातून उतरलेला असायचा आणि बाई उगाचच हसत बाहेर यायच्या. त्या वेळी त्यांच्याकडे काहीही मागावं, हे नवऱ्याला पक्कं ठाऊक होतं.

कारखान्यातही त्यांचं काम कानाचंच. लोखंड घासायची दगडी चाकं तिथे बनायची. चाक खुंटीला अडकवायचं आणि लाकडी हातोडीनं टिचकी मारल्यासारखं वाजवायचं. ठण्ण असा स्वच्छ आवाज आला तर चाक धड. बद्द वाजलं तर आत तडा, मग तो डोळ्यांना दिसो न दिसो. धड चाकावर बाई हिरवा ठिपका आणि आपला नंबर उमटवायच्या, बद्द वाजलेलं तिथल्या तिथे फोडायच्या. कारण तड्याचं चाक मशीनवर मिनिटाला दोन हजार फेरे घ्यायला लागलं की फुटतं, आणि समोर उभ्या असलेल्या माणसाचं तोंड शिल्लक राहील याची खात्री नसते. मागच्या भट्टीचा गोंगाट नको म्हणून बाई उजव्या कानात कापूस घालायच्या आणि डावा कान चाकाशी न्यायच्या. एकोणीस वर्षांत त्यांचं एक चाक फुटलं नव्हतं. सगळे त्यांना ठणबाई म्हणत, आणि बाईंना ते आवडायचं.

तर दोन महिन्यांपूर्वी व्हायोलिनवाला हलला.

आधी थोडासाच. खिडकीपासून दोन पावलं आत आला. मग दिवसेंदिवस सरकत सरकत पियानोच्या अंगावर जाऊन उभा राहिला, आणि त्याच्या आवाजावर कुणी गोधडी टाकल्यासारखं झालं. श्वास तर नाहीसाच झाला. बाईंनी वायर बदलली, सुई बदलली, डावा स्पीकर उघडून फुंकर मारून पाहिली. दुरुस्तीवाला आला, तासभर खटपट करून म्हणाला, "बाई, सगळं ठीक आहे." बाईंनी त्याला असं काही झापलं, की पेचकस विसरून गेला बिचारा.

"स्पीकरच बिघडलाय," त्या रोज म्हणायच्या. नवरा जेवताना त्यांच्या डाव्या हाताला बसायचा. तो काहीबाही सांगायचा आणि शेवटी वैतागायचा, "अगं, मी भिंतीशी बोलतोय का?" त्यावर बाई म्हणायच्या, "तुमचं पुटपुटणं कुणाला कळणार?"

त्या रविवारी दुपारी जावई आला, एकटाच. लेक सोबत नाही म्हटल्यावर बाईंनी दाराबाहेर डोकावून पाहिलं. जावई एका वर्कशॉपमध्ये ग्राइंडिंग मशीनवर होता. अबोल माणूस, पण आज तर दारातच घुटमळला. त्यानं कापडी पिशवीतून एक चाक काढलं आणि पेपर अंथरून टेबलावर ठेवलं. हिरवा ठिपका, बाईंचा नंबर.

"आई, हे काल मी लावायला घेतलं होतं. लावायच्या आधी वाजवायची सवय आहे मला."

"मग?"

"तुम्हीच वाजवून बघा."

बाईंनी आतून हातोडी आणली. भोकात बोट घालून चाक उचललं, सवयीनं खांदा उजव्या कानावर दाबला, डावा कान चाकाशी नेला आणि ठोका दिला.

"चांगलं आहे की," त्या म्हणाल्या.

नवरा दारात फडकं घेऊन उभा होता. तो म्हणाला, "अगं, हे फुटक्या मडक्यासारखं वाजतंय."

"तुम्हाला काय कळतं त्यातलं!"

"मला काही कळत नाही, म्हणून तर म्हणतोय. मलासुद्धा कळलं."

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. पण हार मानतील तर त्या ठणबाई कसल्या! चाक वाटेत आपटलं असेल, वर्कशॉपवाल्यांनी नीट ठेवलं नसेल, ही खोलीच वाईट वाजते. सगळं बोलून झालं. जावई मान खाली घालून ऐकत होता.

"आपटलं असेलही," तो शेवटी म्हणाला. "मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. पण माझ्या शेजारच्या मशीनवरचा माणूस चाक न वाजवताच लावतो. तो म्हणतो, हिरवा ठिपका आहे ना, मग वाजवायचं कशाला? त्याची मुलगी यंदा शाळेत गेली."

"म्हणजे माझा कान गेला, असं म्हणायचंय तुम्हाला?" बाई कडाडल्या. "अहो, या कानानं मी माणसाचा श्वास ऐकते! थांबा, लावतेच."

त्यांनी तबकडी लावली आणि खुर्चीत बसल्या. सुई कडेला खरखरली. पियानो सुरू झाला. व्हायोलिन आलं, तेच गोधडीखालून, पियानोला चिकटून.

"स्पीकर बिघडलाय म्हणून, नाहीतर…"

जावई थोडा वेळ भिंतीला टेकून ऐकत राहिला. मग जपून, एकेक शब्द तोलत म्हणाला, "आई, आमच्याकडे माप चुकलं, की दोष मशीनचा की नगाचा ते कळत नाही. तेव्हा आम्ही नग उलटा फिरवून लावतो. तुम्ही खुर्ची फिरवून पाहिलीत?"

आता खरं सांगायला हरकत नाही. ही युक्ती बाईंना पहिल्याच आठवड्यात सुचली होती. स्पीकरकडे पाठ करून बसायचं. डावा स्पीकर उजव्या कानाला येईल. तरीही व्हायोलिन दबलेलंच राहिलं, तर स्पीकर वाईट. आणि मोकळं झालं तर… त्या 'तर'पाशी येऊन त्या दोन महिने रोज थांबल्या होत्या. सुई बदलणं परवडलं, दुरुस्तीवाल्याला झापणं परवडलं, पण ती खुर्ची फिरवायला त्यांचे हात उचलले गेले नव्हते. खुणांचं निमित्त होतंच.

खोलीत तबकडी वाजत होती. नवरा पुढे झाला तशा बाई म्हणाल्या, "हात लावू नका."

त्या उठल्या. सुई उचलून पुन्हा पहिल्या रेघेवर ठेवली. मग दोन्ही हातांनी खुर्ची धरून त्यांनी ती गर्रकन फिरवली. पाय खुणांवरून घासत गेले, खडू पुसला गेला. भिंतीकडे तोंड करून बाई बसल्या आणि त्यांनी डोळे मिटले. दबलेलं असू दे, दबलेलंच असू दे, असं त्या मनात घोकत होत्या. आयुष्यात पहिल्यांदाच वाईट वाजावं म्हणून त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

आणि उजव्या कानापाशी, अगदी हाताच्या अंतरावर, त्या माणसानं श्वास घेतला.

मग व्हायोलिन आलं. अहाहा! दोन महिन्यांनी आलं. तारेवर गज टेकतानाची बारीक खसखस, बोट सरकताना होणारा तो ओला आवाज, सुराच्या शेवटी लाकडात घुमणारी कंपनं, सगळं जसंच्या तसं. व्हायोलिनवाला कुठेही गेला नव्हता. बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. इतका आनंद झाला की त्यांना हसू फुटलं, आणि त्याच क्षणी त्यांना कळलं की आपण संपलो. डावीकडे आता पियानो गोधडीखाली गेला होता. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते त्यांनी पुसलं नाही. मागे दोघं पुरुष अवघडून उभे होते. बाई उठल्या नाहीत. चूक झाली होती, तिची किंमत मोजायचीच होती, पण त्याआधी ही बावीस मिनिटं त्यांना हवी होती, आणि ती त्यांनी शेवटच्या सुरापर्यंत घेतली.

सुई उचलली गेली तेव्हा त्या म्हणाल्या, "फोन द्या."

फोरमनला घरी फोन लागला. बाईंनी तो उजव्या कानाला धरला. नवऱ्यानं ते पाहिलं आणि तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं, की गेले दोन महिने ती फोन त्याच कानाला धरते आहे.

"मी बोलतेय. माझ्या नंबरची गेल्या तीन महिन्यांची सगळी चाकं परत मागवा. हो, सगळी. दोन नाही, तीन. कधीपासून ते मलाच नक्की ठाऊक नाही. गाड्या गेल्या असतील तर आजच्या आज फोन करा सगळ्यांना." पलीकडून आरडाओरडा ऐकू येत होता. बाईंनी तो संपू दिला. "ओरडा. पण आधी फोन करा. माझा डावा कान गेलाय."

हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारलं होतं. फोरमन आता काहीतरी हळू बोलला. बाई "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला.

"उद्या या म्हणालेत. कामाला नाही, डॉक्टरकडे पाठवणार आहेत."

मग त्यांनी टेबलावरचं चाक पेपरात गुंडाळलं, पायरीवर नेलं आणि दोन घावांत त्याचे तुकडे केले. हातोडी जावयाच्या हातात दिली. "तुमच्या त्या शेजाऱ्याला द्या. उद्या सकाळी, मशीन सुरू व्हायच्या आत. आणि त्याला सांगा, हिरव्या ठिपक्यावर विश्वास ठेवू नकोस म्हणावं. माझ्या तर नाहीच नाही."

जावयानं हातोडी घेतली. जाताना तो वाकून पाया पडला, तेव्हा बाई म्हणाल्या, "लेकीला मी सांगेन. तुम्ही नका सांगू."

तो गेल्यावर बाई पुन्हा त्या उलट्या खुर्चीत येऊन बसल्या. फरशीवर पुसट पांढरे फराटे पडले होते. नवऱ्यानं फडकं घेतलं, मग ते ठेवून दिलं. खुर्ची सरळ करू का, हे विचारायला तो नेहमीसारखा त्यांच्या डावीकडून आला, तोंड उघडलं आणि थांबला. मग त्यानं स्टूल उचललं, खुर्चीला वळसा घातला आणि उजवीकडे ठेवून त्यावर बसला.



"बोला," बाई म्हणाल्या. "दोन महिन्यांचं राहिलंय. पहिल्यापासून सांगा."