दुसरी चूल

मी स्टोव्ह बोलतोय. पितळी, पंपाचा. बोलतोय कसला, खेकसतोय. हळू आवाज मला कधी आलाच नाही. शाळा शिकलेली नाही, त्यामुळे गोडही बोलता येत नाही. सोसत असेल तर बसा, नाहीतर वाटेला लागा.

जन्म बासष्ट सालचा. पुण्यात बोहरी आळीतल्या एका दुकानात दोरीला टांगलेला होतो. अरुंधतीबाई नावाच्या मास्तरीणबाईंनी मला पिंपरीला नेला. आठ वर्षं त्यांचा चहा केला, पोरांच्या अंघोळीचं पाणी तापवलं. दर रविवारी चिंच लावून घासायच्या मला. मग त्यांच्याकडे गॅस आला. सकाळी मी ओट्यावर होतो, संध्याकाळी मोरीत. माणसाची माया तेवढीच. फार धरून बसू नये.

तिथून गुरुदत्तनं मला घेतला. हा चिपळूणकडचा पोरगा, कंपनीत लेथवर होता. राहायला कासारवाडीला, गोजाबाईच्या घरी.

गोजाबाईची साठी उलटलेली. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. जमीन कारखान्यांच्या पट्ट्यात गेली आणि तिचे पैसे नवऱ्याच्या दुखण्यात. उरलं दोन खोल्यांचं घर आणि एक म्हैस. दूध घालायची, गोवऱ्या थापून विकायची. गुरुदत्त नोकरीसाठी नवा आला, तेव्हा तापानं फणफणून स्टेशनच्या बाकावर पडला होता. दूध घालून परतताना म्हातारीनं पाहिला आणि हाताला धरून घरी आणला. तो तिथंच राहिला.

त्यानं भाड्याचं काढलं की म्हातारी अंगावर जायची. "भाडं घेतलं का तू भाडेकरू झालास. मग दुखलंखुपलं तर हाक कुणाला मारू? भाडेकरूला?"

पोरगा नळावरून पाणी आणायचा, कौलं शाकारायचा, म्हशीला वैरण टाकायचा. झालं, हिशेब मिटला.

मग मी कशाला? तर म्हातारीच्या गळ्यात माळ आणि ह्या कोकण्याला सुकटीशिवाय घास उतरत नसे.

"माझ्या चुलीवं तुझं त्ये वासाचं चढायचं न्हाई," ती म्हणाली. "तुझी चूल तू आन."

"आणली ना, आजी. ही बघा."

"आगं बया! आवाज क्येवढा! चूल हाय का इंजान?"

तर मी ओसरीच्या कोपऱ्यात आणि तिची चूल आत. ती भाकरी आतून सरकवायची, तो माझ्यावर सुकट परतायचा. ती नाकाला पदर लावून त्याच्यासमोरच बसून जेवायची. मला वाटतं, माझ्या आयुष्यातले बरे दिवस तेच.

मग गावात पालिका आली आणि घरपट्टी वाढली. म्हातारीला ती झेपेना. भरायला दुसरा एक जण टपून बसला होता. तिच्या दिराचा मुलगा, आबाजी. धोतराला इस्त्री, बोटात अंगठी, जमिनीच्या दलालीत मुरलेला.

"काकी, कशाला जीव काढतीस? मी भरतो की. पावती माझ्याकडं ऱ्हाऊ दे म्हंजे झालं."

म्हातारी अडाणी होती, पण एवढं तिला कळत होतं. पावती ज्याच्या हातात, घर त्याचं म्हणून उद्या गाव साक्ष देईल. मग तिला तिच्याच ओसरीवरून उठवतील.

गुरुदत्त पालिकेत जाऊन चौकशी करून आला. एकटी विधवा, म्हातारी, स्वतःच्या घरात स्वतः राहणारी, भाडेकरू नसेल तर अर्धी घरपट्टी माफ, असा नियम निघाला होता. अर्धी ती भरू शकत होती. पोरानं अर्ज लिहिला. 'भाडेकरू' म्हणून रकाना होता, तिथं 'नाही' लिहिलं. म्हातारीनं अंगठा उठवला. त्या दिवशी तिनं देवापुढं साखर ठेवली.

महिन्याभरानं पाहणीचा साहेब आला. हातात वही, गळ्यात टेप. माणूस वाईट नव्हता. घाम पुसत ओसरीवर टेकला. आबाजी वास काढत मागोमाग आलाच. शेजारच्या चार बायका दारात जमल्या.

साहेब दारात आला आणि त्याला चहा नाही, असं आमच्याकडे होत नाही. म्हातारीची चूल विझलेली होती. गुरुदत्तची दुसरी शिफ्ट, म्हणून तो घरी होता. त्यानं मला पंप मारला. मी पेटलो, आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असा खेकसलो. गप बसायची अक्कल मला कुठून असणार?

"हा स्टोव्ह कुणाचा?" साहेबानं विचारलं.

"माझा," गुरुदत्त म्हणाला.

"म्हणजे तुमची चूल वेगळी?"

आबाजी हसला. "कसली वेगळी, साहेब? फुकट्या हाय त्यो! दोन वर्सं म्हातारीच्या जिवावर बसलाय. घर ना दार, आयतं खातोय. लाज कशी वाटत न्हाई रं तुला?"

दारातली एक बाई फिदकन हसली. बस, तेवढंच झालं. पोराचा चेहरा लालबुंद झाला.

"फुकट नाय राहत मी! दर महिन्याला भाडं मोजून देतो, समजलं?"

त्याला वाटलं, आबाजीचं तोंड बंद केलं. आबाजी मात्र खुशीत मिशीवर हात फिरवत होता.

साहेबानं अर्ज काढला. "इथं तर 'नाही' लिहिलंय. बाई, हा भाडं देतो?"

आता गुरुदत्तला उमगलं. त्यानं घाईनं माझी हवा सोडली, मी विझलो. म्हातारीनं त्याच्याकडं पाहिलं. नुसतं एक 'न्हाई' म्हणायचं होतं तिनं. माफी मिळाली असती. पण 'न्हाई' म्हणजे चार बायकांसमोर पोरगा खोटा, आणि वर फुकट्या.

"त्यो म्हंतोय तसंच हाय," ती म्हणाली.

साहेबानं लिहून घेतलं. चहा निवून गेला, कुणी प्यालं नाही.

माफी गेली. म्हातारीनं म्हैस विकली आणि पुरी घरपट्टी स्वतः भरली. आबाजीला पावती दिली नाही. पण म्हैस गेली म्हणजे दूध गेलं, आणि पुढच्या सालाला विकायला काही उरलं नाही.

गुरुदत्त पालिकेत जाऊन रडला. मी खोटं बोललो म्हणाला. तिथल्या कारकुनानं सरळ सांगितलं, "अहो, तुम्ही तिथं राहताय ना? आता भाडं देत नाही म्हणालात तर कोण ऐकेल? दुसरीकडं जा, मग बाईंचा नवा अर्ज द्या."

तो नदीपलीकडं पिंपळे गुरवला गेला. ट्रंक उचलली, मला मात्र तिथंच ठेवला. "ऱ्हाऊ दे," म्हातारी म्हणाली. "आलास कधी तर लागंल." मला फळीवर ठेवलं.

दुसऱ्या साली पाहणी झाली. 'एकटी राहते, भाडेकरू नाही.' माफी मंजूर. कागद आला, तेव्हा वाचून दाखवायलाही घरात कुणी नव्हतं.

गुरुदत्त सुट्टीच्या दिवशी यायचा. आत पाऊल टाकत नसे. पायरीवर बसायचा, कारण आबाजीचं घर समोर आणि त्याची नजर इकडे. तांब्याभर पाणी प्यायचा, पाणी भरून द्यायचा, जायचा. म्हातारी त्याला "बस थोडा" म्हणायची आणि लगेच "जा आता, बघतोय त्यो" असंही म्हणायची. घर वाचवायचं म्हणून असली माणुसकी. थू.

एका थंडीत ती अंथरुणाला खिळली. खोकला, ताप. दोन दिवस चूल पेटली नाही, आणि ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. तिसऱ्या दिवशी सुट्टीला गुरुदत्त आला, पायरीवरून हाका मारल्या. आतून नुसतं कण्हणं. मग मात्र त्यानं पायरी सोडली आणि आत आला.

मला फळीवरून काढलं. माझा वायसर वाळून गेला होता, त्याला तेल लावलं. पिन मारली. रॉकेल कोपऱ्यातल्या बाटलीत होतं. मी पेटलो. तांदळाची पेज शिजवली त्यानं, मीठ घालून, आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन चमच्यानं भरवली. ती प्याली.

माझा आवाज समोर पोचायला कितीसा वेळ? आबाजी दारात उभा.

"काकी, ह्यो काय परकार? माफी घ्येतीस आन घरात भाडेकरू? उद्याच पालिकेत सांगतो."

म्हातारी कोपरावर उठली. अंगात ताकद नव्हती, पण आवाज खणखणीत निघाला.

"सांग जा! सांग, माझ्या घरात दोन चुली हायेत. आन त्यो भाडेकरू न्हाई. एक पै दिली न्हाई त्यानं मला कवा. फुकटच ऱ्हायला. पोटची पोरं भाडं देत्यात व्हय रं?"

गुरुदत्तनं मान खाली घातली. त्या दिवशी त्याला 'फुकट' म्हटल्याचा राग आला नाही.

तो कामाला खाडा करून राहिला. सातव्या दिवशी म्हातारी गेली. आबाजीच्या तक्रारीवरून साहेब आला, तेव्हा ओसरीवर माणसं बसली होती. त्यानं वही उघडली नाही. चप्पल काढून थोडा वेळ उभा राहिला आणि गेला.

घर आबाजीला मिळालं. दुसरा वारसच नव्हता. गुरुदत्तनं मला मागितलं, तर आबाजी म्हणाला, "घरातलं सामान घराबरूबर आलंय." गुरुदत्त रिकाम्या हातानं गेला. पुन्हा कधी दिसला नाही.

आता ब्याऐंशी साल लागलंय. दोन खोल्यांत कंपनीतली बारा पोरं दाटीनं राहतात. भाडं आगाऊ. माझ्यासकट सहा स्टोव्ह आहेत. माझी टाकी चेपलीय, बर्नर ठिपकतोय, तरी राबतोय. आणि ह्या घराला अर्धी घरपट्टी माफ आहे! कागदावर घर आबाजीच्या विधवा आईच्या, सोजराबाईच्या नावावर आहे, आणि ती इथं एकटी राहते. पाहणीचा दिवस आबाजीला आधीच कळतो. पोरांना कामावर हाकलतात, ट्रंका शेजारी, स्टोव्ह मागच्या गोवऱ्यांच्या ढिगात. सोजराबाईला त्याच्या माडीवरून आणून इथं ओसरीवर बसवतात. ती बिचारी घाबरून विचारते, "मी काय म्हनू रं?" तो सांगतो, "काय म्हनू नगं. म्हातारी दिस म्हंजे झालं."

खरी एकटी होती, तिला माफीपायी आणखी एकटी केली. आणि हा बघा.

उद्या पाहणी आहे. आजच आम्हाला गोवऱ्यांत पुरलंय. मला हाक मारता येत नाही, कारण टाकीतलं रॉकेल काढून घेतलंय. आबाजी शिकलाय आता.

साहेब, तुम्ही नवे असाल, जुने असाल. चहा नंतर घ्या. घराच्या मागच्या बाजूला या, हात काळे होतील त्याची पर्वा करू नका, आणि चार गोवऱ्या उचला.