दरीची रुंदी

पडद्यावरची मुलगी पुन्हा दरीत पडली, तेव्हा मास्तरांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि उजवा हात टेबलाखाली घेतला.

"दरी आणखी थोडी अरुंद कर," ते म्हणाले.

शेजारच्या छोटीने वळून पाहिलं. छोटी ही गेम बनवणाऱ्या त्या ऑफिसातली सगळ्यात नवी प्रोग्रामर. मास्तरांहून उंच असूनही हे नाव तिला चिकटलं होतं. "परवाच केली की, मास्तर. आता याहून अरुंद केली तर उडी कसली, नुसतं पाऊल टाकलं की पार."

"नवख्या माणसाला पाऊलही जड जातं. कर."

तिने केली. मास्तरांचा शब्द तिथे कोणी मोडत नसे. गेम किती अवघड ठेवायचा हे वर्षानुवर्षं त्यांचा अंगठाच ठरवत आला होता. ज्यांनी जन्मात गेम खेळला नाही त्यांनाही हा खेळता आला पाहिजे, असं साहेबांनी सांगितलं, आणि तेव्हापासून मास्तरांनी दऱ्या अरुंद केल्या, बाण मंद केले, अस्वलाला झेप घेण्याआधी थबकायला लावलं. साहेब खूश होते. मास्तरांच्या अंगठ्यात ग्राहकाची नाडी आहे, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. ते ऐकलं की मास्तर उजवा हात खिशात घालत.

कारण अंगठा उशीर करत होता. डोळ्यांना कडा दिसे, मन म्हणे आता, आणि अंगठा परवानगी मागितल्यासारखा जरा मागाहून हले. दादाचंही असंच सुरू झालं होतं. त्यांच्या या थोरल्या भावाची सही आधी बारीक होत गेली, मग शर्टाची बटणं वहिनी लावू लागली. डॉक्टरांनी कंपवात म्हटलं, तोवर दादाने घरच्यांना वर्षभर थापा मारल्या होत्या. मास्तर आता रोज सकाळी बाथरूमचं दार लावून बटणं लावत. आत झोप लागली की काय, असं बायको बाहेरून विचारी. एकच आशा त्यांनी घट्ट धरली होती. कदाचित गेमच अवघड असेल. बाहेरची माणसंही तिथेच पडली, तर हात बरा आहे.

बाहेरची माणसं गेम खेळून बघायला त्या दुपारी आली. काचेपलीकडच्या खोलीत आधी बसल्या त्या सत्तरी ओलांडलेल्या एक निवृत्त नर्सबाई. त्यांनी कंट्रोलर उलटा धरला, छोटीने सरळ करून दिला. त्या पहिल्यांदा दरीत पडल्या आणि इकडे मास्तरांच्या जिवात जीव आला. दुसऱ्यांदा पडल्या, तेव्हा मास्तरांना चक्क आनंद झाला आणि लगेच त्याची लाजही वाटली. मग बाई पार गेल्या. त्यानंतर सुनेने घेतलेल्या फ्रिजचे दोष सांगत सांगत, पडद्याकडे धड न बघता, त्या इकडून तिकडे उड्या मारत राहिल्या.

"अगं, हे डबकं आहे," त्या छोटीला म्हणाल्या. "दरी कशाला म्हणतेस? माझी नात हसेल मला."

त्यांच्यामागून आलेला शिंपीही सहज पार गेला. म्हणजे गेम अवघड नव्हता.

सगळे गेल्यावर साहेब आले. लोकांना फारच सोपा वाटतोय, ते म्हणाले, पण मास्तर म्हणत असतील तर यांचं मनावर घ्यायला नको. वाट मोकळी होती. नुसतं "नको" म्हटलं की संपलं असतं, उद्यापर्यंत.

"दरी मुळात होती तेवढी करा," ते म्हणाले. "दरीत काही खोट नव्हती. माझा अंगठा चालत नाहीये."

साहेब हसले. वय कोणाला चुकलंय, म्हणत पाठीवर थाप मारून निघून गेले.

छोटी हसली नाही. तिने दरी पूर्ववत केली आणि कंट्रोलर त्यांच्याकडे सरकवला. हात टेबलावर आणायला मास्तरांना वेळ लागला. काही न करताही अंगठा हलत होता. त्यांनी मुलीला पळवलं, ती पडली. पुन्हा पळवलं, पुन्हा पडली.

"घरी माहीत आहे?" छोटीने विचारलं.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "आज सांगतो. भीती वाटते गं."

तिने खुर्ची तेवढी जवळ ओढली.

पडद्यावर मुलगी कड्याशी उभी होती. कोणी काही दाबेना, तेव्हा तिने मागे वळून पाहिलं, पाठीवरची पिशवी काढली आणि दरीत पाय सोडून बसली. बराच वेळ कोणी खेळलं नाही तर तिने असं बसायचं, हे मास्तरांनीच ठरवलं होतं; इतका वेळ थांबून ते पाहिलं मात्र कधी नव्हतं. पलीकडचा कडा धूसर दिसत होता. वाऱ्याने तिचे केस उडत होते.